कादंबरी नावाची मुलगी

ताम्हणात तांदूळ पसरले होते आणि दादा वहिनीच्या अंगठीने त्यात नाव लिहीत होता. 'का' झाला, 'दं' झाला, 'ब' झाला आणि 'री'ची वेलांटी ओढताना त्याचं मनगट तांदळांना घासलं. 'द'वरचं टिंब बुजलं. 'कादबरी' उरलं. मुद्रितशोधनावर पोट असलेल्या बाईला हे बघवणं शक्यच नव्हतं. मी वाकले आणि करंगळीने टिंब परत दिलं. "आत्याबाईंनी आत्तापासूनच चुका काढायला घेतल्या," मागून कुणीतरी म्हणालं आणि बायका हसल्या. आई हसली नाही. ती पाळण्याच्या दोरीला फुलं बांधत होती, आणि गेले अकरा दिवस या नावावरून ती धुसफुसत होती.

ते टिंब पुढे तीन वर्षांनी आम्हाला पुन्हा नडलं. पण आधी ते अकरा दिवस सांगते.

प्रकरण काय होतं

वहिनी मूळची फोंड्याची. पुण्यात संस्कृत घेऊन एम.ए. झाली, नोकरी मात्र बँकेत करते. दिवस गेल्यापासूनच तिने ठरवलं होतं, मुलगी झाली तर कादंबरी. संस्कृत लेखक बाणभट्टाच्या 'कादंबरी' या पुस्तकाच्या नायिकेचं नाव. मुलगा झाला तर काय, याचा तिने विचारही केला नव्हता. दादा सिव्हिल इंजिनिअर. त्याचं म्हणणं एवढंच, की नाव भारदस्त आहे आणि हिला आवडतंय, विषय संपला. बाणभट्ट त्याने उघडूनही पाहिला नव्हता. खरं सांगायचं तर वहिनी सोडून घरात कुणीच वाचला नव्हता, मीही नाही. जिला एकटी वहिनी ओळखत होती, तिच्यावरून आम्ही सगळे भांडत होतो.

आईने पत्रिकेवरून नाव काढून ठेवलं होतं. पुनर्वसूचा पहिला चरण, अक्षर 'के', म्हणून केतकी. दादाने सांगून पाहिलं की 'का' आणि 'के' दोन्ही मिथुन राशीतच येतात. आई म्हणाली, "रास तीच, पण 'का' मृगाचा आणि 'के' पुनर्वसूचा. तालुका एक असला म्हणून गाव एक होतं का?" याला उत्तर नव्हतं.

पण पत्रिका हे आईचं खरं कारण नव्हतं. खरं कारण मला आठव्या दिवशी कळलं, तेही अचानक.

लघुकथा आणि दिवाळी अंक

पहिली तोफ थोरल्या काकांनी डागली. काका गणिताचे निवृत्त मास्तर. "कादंबरी? आणि दुसरी झाली तर लघुकथा ठेवणार का? मुलगा झाला तर दिवाळी अंक?" हा विनोद त्यांनी दोन दिवसांत घरात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवला. वहिनी माहेरी फोंड्याला फोनवर बोलली तर तिथेही तेच. कोकणीतही पुस्तकाला कादंबरीच म्हणतात. तिच्या वडिलांनी वेगळाच फाटा फोडला: कादंबरी कदंबावरून, आणि गोव्यात कदंब म्हटलं की लोकांना सरकारी बसच आठवते.

मी वहिनीच्या बाजूने एक यादी केली होती. ओवी नावाच्या मुली गल्लोगल्ली आहेत. आर्या आहेत, ऋचा आहेत, गाथा आहेत. मुलगे श्लोक आहेत. आणि कविता तर आमच्याच वर्गात तिघी होत्या, त्यांना कुणी 'किती कडव्यांची गं तू' असं विचारल्याचं आठवत नाही. मग कादंबरीनेच काय घोडं मारलंय?

यादी जोरदार होती, पण काकांच्या विनोदात काहीतरी होतंच. ओवी आणि आर्या हे शब्द आपण रोज वापरत नाही, त्यामुळे ते नावासाठी मोकळे राहिले. कविता पिढ्यान्‌पिढ्या नाव म्हणून चालत आलेली. कादंबरी हा शब्द मात्र कामावर असलेला शब्द आहे. वाचनालयात त्याचं कपाट असतं, परीक्षेत त्यावर दहा मार्कांचा प्रश्न असतो, आणि माझ्या टेबलावर तर 'कादंबरी, पान १ ते १६, दुसरं प्रूफ' अशी पाकिटं येतात. कादंबरी कदम नावाची अभिनेत्री सगळ्यांना माहीत होती, पण "ती नटी आहे, तिला शोभतं," एवढ्यावर तिचा दाखला निकाली निघाला.

गंमत अशी की हा शब्द आधी मुलीचंच नाव होता. सातव्या शतकात, कनौजच्या हर्षाच्या पदरी असलेल्या बाणाने एक गद्यकथा लिहिली आणि तिला नायिकेचं नाव दिलं. पुढे बाराशे वर्षांनी मराठीत इंग्रजीच्या वळणावर लांबलचक गोष्टी लिहिल्या जाऊ लागल्या. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' १८५७ चं, हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ ची. यातल्या मुक्तामाला आणि मंजुघोषा याही नायिकाच. या नव्या प्रकाराला म्हणायचं काय, हे तेव्हा पक्कं नव्हतं. १८७२ मध्ये का. बा. मराठ्यांनी या विषयावर जो निबंध लिहिला, त्याच्या नावात 'नावल' हा शब्द आहे. शेवटी टिकला तो बाणाच्या नायिकेचा. कन्नडनेही तोच उचलला. हिंदी आणि बंगालीत उपन्यास झाला, गुजरातीत नवलकथा. म्हणजे आमच्या घरचं हे भांडण कोलकात्यात किंवा अहमदाबादेत झालंच नसतं. तिकडे कादंबरी हे नुसतं जुन्या वळणाचं सुंदर नाव.

विशेषनामाचं सामान्यनाम झालं की माणसाला ते परत मिळत नाही, असं काकांचं म्हणणं होतं, आणि त्यांच्याकडे सणसणीत उदाहरण होतं. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तला तळीराम. नाटक रंगभूमीवर आल्याला शंभर वर्षं होऊन गेली. त्या काळात सिंधू नावाच्या मुली झाल्या, सुधाकर नावाचे मुलगे झाले, आणि सुधाकर तर त्या नाटकातला दारुडा नायक. पण तळीराम? "ठेव बघू कुणी," काका म्हणाले. खरंच कुणी ठेवत नाही. सुधाकर पिऊन मेला तरी नाव वाचलं, कारण ते नावच राहिलं. तळीराम हा शब्द झाला आणि संपला.

मला हे पटलं, पण अर्धंच. तळीरामाचा जो अर्थ झाला तो शिवीसारखा. कादंबरीचा अर्थ तसा कुठे आहे, असं मी म्हणाले. तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि पहिल्यांदाच सविस्तर बोलली.

"तुला नसेल. आमच्या वेळी 'कादंबऱ्या वाचते' ही शिवीच होती. मी नववीत असताना वाचनालयातून आणलेली कादंबरी पिठाच्या डब्याखाली लपवायची. एकदा आईच्या हाती लागली. तिने चुलीत घातली. वरून वाचनालयाचे तीन रुपये मला भरायला लावले, वर्षभराच्या खाऊतून. 'मुलगी वाया गेली' म्हणून शेजारणीला सांगितलं. आणि आता माझ्या नातीला मी दिवसातून पन्नास वेळा त्याच नावाने हाक मारू?"

आठवा दिवस तो. मी पंचेचाळीस वर्षं या बाईच्या घरात काढली आणि ही चुलीची गोष्ट मला माहीत नव्हती. तिला मुलगी नको होती की नाव नको होतं, की आणखी काही, हे मला तेव्हा नीट लागलं नाही. पण पंचांगातलं 'के' हे अक्षर तिने पुढे का धरलं होतं, ते कळलं.

काकांनी कोश उघडला

नवव्या दिवशी काका आपट्यांचा संस्कृत कोश घेऊन आले. १८९० साली पहिल्यांदा निघालेला हा कोश, त्यांच्याकडे मागाहूनची आवृत्ती, पुठ्ठा निघालेली. कादंबरी या शब्दाखाली मद्य हा अर्थ होता. कदंबाच्या फुलांपासून काढलेलं. पुढे कोकिळा होती, सरस्वतीही होती, पण काकांचं बोट मद्यावरच. "आता बोला."

वहिनी शांतपणे म्हणाली, "काका, तिच्या आईचं नाव तर मदिराच आहे."

खोलीत एक क्षण कुणी काही बोललं नाही. बाणाची कादंबरी ही गंधर्वराज चित्ररथाची मुलगी आणि तिच्या आईचं नाव खरोखरच मदिरा. म्हणजे बाणाला कोशातला अर्थ माहीत होता आणि तो मुद्दाम खेळत होता. पुढे त्याच्या मुलानेही तोच खेळ केला, की कादंबरीच्या रसाने सगळे लोक मत्त होऊन गेलेत, कुणाला कशाची शुद्ध राहिलेली नाही. पण हा खुलासा आईसाठी कसा पडला असेल, याची कल्पना करता येईल. दारूचं नाव, दारूच्या मुलीचं नाव.

इथे मी माझा पत्ता टाकला. आई दर शुक्रवारी ललितासहस्रनाम म्हणते, गेली तीस वर्षं, न चुकता. मी पोथी काढून ओळ दाखवली: 'कलावती कलालापा कान्ता कादम्बरीप्रिया'. "तूच दर शुक्रवारी म्हणतेस," मी म्हणाले. आईने चश्मा लावून ओळ वाचली, मग पुढचीही वाचली, 'वरदा वामनयना वारुणीमदविह्वला'. तिला अर्थ लगेच कळला. इथे कादंबरी म्हणजे मद्यच, पुढचीच वारुणी साक्षीला उभी. मी तिला पेचात पकडलं अशा थाटात उभी होते. तिने पोथी मिटून फडक्यात गुंडाळली.

"देवीला चालतं ते सगळं आपल्याला चालतं असं नाही," ती म्हणाली आणि भाजी चिरायला गेली.

हा डाव मी हरले, हे कबूल करते. शब्दाचा अर्थ कोशात शोधून भांडण मिटत नाही. घरातल्या प्रत्येकाचा कोश वेगळा असतो आणि आईच्या कोशात त्या शब्दापुढे चूल छापलेली होती.

मामेबहिणीने फोनवर आणखी एक शंका घातली: रवींद्रनाथांची वहिनी कादंबरीदेवी, तिने आत्महत्या केली होती ना? केली होती, १८८४ मध्ये, पंचविशीत. पण तिचं माहेरचं नाव मातंगिनी. कादंबरी हे ठाकुरांच्या घरात आल्यावर दिलेलं. अपशकुनाचा हिशोब कुठल्या नावावर मांडायचा, हे विचारल्यावर तिने विषय बदलला.

मी शेवटी पुस्तक वाचलं

दहाव्या दिवशी मी वहिनीकडून पुस्तक मागून घेतलं. काण्यांच्या टिपांची आवृत्ती, तिच्या विद्यार्थिदशेतली, शिसपेन्सिलीच्या खुणांनी भरलेली. माझं संस्कृत शाळेपुरतं, म्हणून सोबत मराठी भाषांतर ठेवलं. एका रात्रीत सगळं झालं असं म्हणणार नाही, बरंच उड्या मारत वाचलं. बाणाचं वाक्य एकदा सुरू झालं की पूर्णविरामासाठी पान उलटावं लागतं. एखादा लेखक माझ्याकडे असं लिहून पाठवता तर मी समासात लाल शाईने काय काय लिहिलं असतं!

गोष्ट तीन जन्मांची. विदिशेच्या शूद्रक राजाच्या दरबारात एक चांडाळकन्या पिंजऱ्यातला पोपट घेऊन येते आणि तो पोपट कथा सांगायला लागतो. त्याच्या कथेत जाबाली ऋषी, त्यांच्या कथेत उज्जैनचा राजपुत्र चंद्रापीड, त्याला अच्छोद सरोवराकाठी भेटलेली महाश्वेता, तिच्या कथेत तिचा मेलेला प्रियकर पुंडरीक. डब्यात डबा. आणि कादंबरी? ती येते महाश्वेतेची मैत्रीण म्हणून, निम्म्याहून जास्त पुस्तक उलटल्यावर. जिचं नाव पुस्तकाला दिलं ती इतक्या उशिरा येते, हे मला माहीतच नव्हतं. महाश्वेता मला जास्त जिवंत वाटली. वहिनीला तसं म्हटलं तर ती म्हणाली, "सगळ्यांनाच वाटते."

मग कादंबरी काय करते? इथे मला खरा आक्षेप सापडला, जो इतक्या दिवसांत घरातल्या कुणाच्याही तोंडून आला नव्हता. ती वाट बघते. चंद्रापीड मरतो, ती त्याच्यामागे जायला निघते, तेव्हा आकाशवाणी होते की देह जपून ठेव. मग ती तो निर्जीव देह शिळेवर ठेवून त्याची सेवा करते. देह कोमेजत नाही. वसंत येतो, ती त्याला मिठी मारते आणि तो जागा होतो. प्रेतापाशी बसून राहणारी बाई. नावाचा आदर्श म्हणून हे कुणाला चालेल?

मी हे वहिनीला विचारलं. रात्रीचे दोन वाजले होते, भाची नुकतीच पिऊन झोपली होती. वहिनी हसली आणि पुस्तक माझ्या हातातून घेऊन खुणेचं पान काढलं. तिथे शिसपेन्सिलीने दुहेरी रेघ होती. पुंडरीकाच्या दुःखात असलेल्या महाश्वेतेला चंद्रापीड समजावतो तो भाग. 'यदेतदनुमरणं नाम तदतिनिष्फलम्.' कुणाच्या मागून मरणं ही अगदी निष्फळ गोष्ट आहे. अविद्वानांचा मार्ग आहे, तो पुढे म्हणतो. मेलेला माणूस त्याने परत येत नाही, पुढे भेटतही नाही.

"सातव्या शतकात," वहिनी म्हणाली. "सतीबंदीचा कायदा १८२९ चा. माझ्या पणजीला नवरा गेल्यावर सगळे म्हणायचे, तूही त्याच्याबरोबर गेली असतीस तर बरं झालं असतं. तिने अकरा मुलं वाढवली. एम.ए.ला असताना हे वाक्य वाचलं आणि तेव्हाच ठरवलं. कादंबरी कशी आहे म्हणून नाही ठेवत मी. ती मेली नाही म्हणून ठेवतेय."

वाट बघते खरी, पण मरत नाही. तो फरक मी पानांमधून उड्या मारताना गाळला होता.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली, झोपता झोपता. बाणाला पुस्तक पुरं करता आलं नाही, मधेच गेला. त्याच्या मुलाने उरलेलं लिहिलं. मुलाचं नाव कुणी भूषणभट्ट सांगतं, कुणी पुलिंद. सुरुवातीलाच तो म्हणतो की वडील स्वर्गाला गेले तशी त्यांच्या वाणीसोबत कथाही तुटली. ती अपुरी राहिल्याचं सज्जनांना झालेलं दुःख पाहून मी हे हाती घेतलं, कवित्वाच्या घमेंडीने नाही. "बापाचं काम पुरं केलेल्या पोराचं नावही नीट कुणाला ठाऊक नाही," वहिनी म्हणाली. "आणि नायिकेचं नाव सगळ्या भाषेच्या तोंडी."

तोडगा

अकराव्या दिवशी मी आईशी बोलले. वहिनीचं वाक्य सांगितलं, पणजीचं सांगितलं. आईने ऐकून घेतलं. तिला पटलं असं म्हणता येणार नाही. मग मी जुन्या नामकरण विधीचा आधार घेतला. पूर्वी मुलाला एकच नाव देत नसत: एक कुलदेवतेवरून, एक महिन्यावरून, एक नक्षत्रावरून आणि एक व्यवहाराचं. नक्षत्राचं नाव तर गुप्तच ठेवायची रीत. मग केतकी कानात आणि कादंबरी कागदावर, चालेल?

"कानात तू सांगणार?"

"आत्या मीच."

"आणि मी केतकी म्हणून हाक मारली तर?"

"मारा की आई," दारात उभी असलेली वहिनी म्हणाली. आईने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ओलीबाळंतीण आहेस, वाऱ्यात उभी राहू नकोस." आमच्या घरात याला होकार म्हणतात.

बाराव्या दिवशी वरवंट्याला कुंची घातली, 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' झालं, पाळण्याच्या खालून वरून बाळ फिरलं. मी कानाशी तोंड नेऊन कुर्रर्र केलं, हळूच केतकी म्हटलं आणि मग मोठ्याने कादंबरी. पाठीत बसलेल्या धपाट्यांपैकी सगळ्यात जोराचा काकांचा होता. बायकांच्या घोळक्यात काका कसे पोचले कोण जाणे.

टिंबाचा दुसरा फेरा

आता कागदाचं. जन्माची नोंद एकवीस दिवसांत व्हावी लागते, ती रुग्णालयातून झाली, नावाविना. नाव नंतर देता येतं. बारा महिन्यांपर्यंत शुल्क नाही, पुढे विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. आमच्यासारख्या भांडणाऱ्या घरांची सोय कायद्याने करूनच ठेवली आहे. दादाने दुसऱ्या महिन्यात अर्ज भरला, दाखला आला, त्याने फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. मी खाली 'वा, छान!' असं लिहिलं.

तीन वर्षांनी बालवाडीच्या प्रवेशाला दाखला दिला तेव्हा तिथल्या बाईंनी मोठ्याने वाचलं: "कांदबरी?"

टिंब 'का'वर होतं. दादा तावातावाने नोंदणी कार्यालयात गेला. तिथल्या माणसाने मूळ अर्ज काढून समोर ठेवला. दादाच्या हस्ताक्षरात टिंब 'का' आणि 'द' यांच्या बरोबर मधोमध, किंचित 'का'कडे झुकलेलं. टंकणाऱ्याने जसं दिसलं तसं टंकलं. इंग्रजी नाव अचूक होतं, मराठीच चुकलेलं. दुरुस्तीसाठी अर्ज, प्रतिज्ञापत्र, रुग्णालयाची नोंद, दोघांची ओळखपत्रं आणि चार खेपा. आणि जी बाई दुसऱ्यांच्या पुस्तकातले अनुस्वार मोजून पोट भरते, तिने त्याच दाखल्याखाली 'छान!' लिहिलेलं तीन वर्षं तसंच होतं. काकांनी ते शोधून काढून मला वाचून दाखवलं.

ज्यांना असं नाव ठेवायचंय त्यांना मी एवढंच सांगते: अर्जावर टिंब, वेलांटी, जोडाक्षर ठळक काढा, शक्यतो छापील अक्षरात, आणि दाखला हातात पडला की मराठी आणि इंग्रजी दोन्ही ओळी अक्षर अक्षर लावून बघा. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली २०२३ ची दुरुस्ती लागू झाल्यानंतर जन्मलेल्या मुलांना तर शाळेपासून पुढे सगळीकडे जन्मतारखेला हाच एक कागद लागतो. आणि बाकी काही नाही तरी ते पुस्तक शेवटपर्यंत वाचून काढा. वाचून नाव बदलायलाच हवं असं नाही, पण कुणी विचारलं की ही कोण, तर सांगता यायला हवं.

आता

भाची पहिलीत आहे. वर्गात पहिल्याच आठवड्यात एकाने "किती पानांची?" विचारलं. तिने घरी येऊन दादाला विचारलं, दादाने तिला वजन विचारलं, दुसऱ्या दिवशी ती सांगून आली: "एकोणीस किलोची." पोपटाची गोष्ट तिला मी सांगितली आहे. चंद्रापीडात तिला रस नाही, त्याच्या इंद्रायुध घोड्यात आहे. घोडा हा आधी ऋषिकुमार होता हे कळल्यावर तो पुन्हा घोडा होईल का, असं तिने विचारलं.

आई तिला केतकी म्हणते. कधी केतू, कधी केतकाबाई. ती दोन्ही नावांना ओ देते आणि कुठलं कुणाचं हे तिचं पक्कं आहे.

गेल्या शुक्रवारी मी तिथेच होते. आई देवघरासमोर बसून सहस्रनाम म्हणत होती, मागे फरशीवर भाची रंगपेटी उपडी करून बसलेली. 'कलावती कलालापा कान्ता कादम्बरीप्रिया' आलं आणि मागून आवाज आला, "काय गं आजी?"

स्तोत्र मधे तोडत नाहीत. आईने मागे न बघता डावा हात पाठीमागे नेला, दोन बोटांनी 'बस' अशी खूण केली आणि पुढची ओळ घेतली. वरदा वामनयना.